खळं कोणी मोडलं?

कोकणातल्या जुन्या घरांवर कोणीही लिहायला घेतलं की एक वाक्य हमखास येतं : सिमेंट आलं आणि शेणाने सारवलेलं खळं गेलं. वाक्य सुटसुटीत आहे आणि हळहळीला त्यात एक गुन्हेगारही आयता मिळतो. पण तारखा लावून पाहिलं तर ते टिकत नाही. कौलं, फरशी, सिमेंट हे सगळं कोकणातल्या घरात शिरल्यानंतरही घरापुढचं खळं कित्येक दशकं मातीचंच राहिलं. छप्पर बदललं, माजघराची जमीन बदलली, भिंतींवर चुन्याऐवजी तयार रंग आला. खळं मात्र दरवर्षी खणलं, चोपलं, सारवलं जात होतं. ते मोडलं फार उशिरा, आणि मोडलं ते वेगळ्याच कारणांनी. खळ्यात येऊन पडणारं भात, त्याला शेण पुरवणारी गुरं आणि त्याच्यावर बिनपैशाने राबणारे हात, या तिन्ही गोष्टी आधी हलल्या. सिमेंट पडलं ते त्यांनी मोकळ्या केलेल्या जागेवर. हे नीट समजून घेण्यात केवळ इतिहासाची हौस नाही. आज गावी घर दुरुस्त करणारा प्रत्येक जण घरापुढे काय घालायचं हा प्रश्न सोडवतोच, आणि बहुतेक वेळा चुकीच्या आठवणीवरून सोडवतो.

खळं म्हणजे ओटीच्या पायऱ्या उतरल्या की समोर लागणारं, गडग्याने किंवा कुडाने राखलेलं सपाट अंगण. देशावर खळं शेतात करतात, मळणीपुरतं. कोकणात कुणग्याकुणग्यांतून, म्हणजे लहान लहान खाचरांतून, कापलेल्या भाताचे भारे डोक्यावरून घराकडे आणायचे, म्हणून खळं घरापुढेच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढ्या पाण्याखाली मातीची कोणतीही जमीन तग धरत नाही. भाद्रपद संपेपर्यंत खळ्यावर शेवाळ धरलेलं असतं, गवत गुडघ्याशी आलेलं असतं, पागोळ्यांनी ओटीच्या कडेला चर पाडलेला असतो. मग कामाला सुरुवात. आधी गवत मुळासकट काढायचं, शेवाळ खरवडायचं. मग कुदळीने चार बोटं माती उकरायची, ढेकळं फोडायची, खडे वेचायचे आणि पावसाने नेलेल्या मातीच्या जागी नवी तांबडी माती, मिळाली तर वारुळाची, आणून टाकायची. घराकडची बाजू किंचित उंच, बाहेरची खाली. संध्याकाळी पाणी मारून रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी माती पायाला चिकटेनाशी झाली, पण अंगठा दाबला तर अजून रुतते आहे, एवढीच वेळ चोपण्याची. त्याआधी चोपलं तर चोपण्याला चिखल धरतो, नंतर चोपलं तर माती भुगा होऊन सुटते. उकिडवं बसून, लाकडी चोपण्याने एका रांगेत मागे मागे सरकत ठोकत जायचं. दुसऱ्या दिवशी भेगा दिसतात. त्या दिसल्या की पाणी शिंपडून पुन्हा चोपायचं, भेगा पडायच्या थांबेपर्यंत. त्यानंतर शेण : पहिला हात मातीमिश्रित दाट, पुढचे पातळ काल्याचे. हाताने ओढलेल्या त्या अर्धवर्तुळांच्या ओळी वाळल्यावरही दिसत. कुठे कुठे काळा तुकतुकीतपणा यावा म्हणून शेणात कोळशाची पूड घालत, आणि विजेरीचे सेल घरोघर आल्यावर त्यांच्यातली काळी पूडही. परंपरा म्हणतात ती इतकी व्यवहारी असते.

हे सगळं तुळशीच्या लग्नाच्या आत व्हायचं असे. कार्तिक शुद्ध द्वादशीला वृंदावनाभोवतीचं खळं ओलं, उखणलेलं असणं ही घराची नाचक्की. पण देवाची मुदत वरवरची होती, खरी मुदत भाताची. हळवं भात दसऱ्याच्या सुमारास हाती येतं, गरवं दिवाळीनंतर, आणि कापलेलं भात फार दिवस थांबत नाही. झोडणी, मळणी, उफणणी, मग साठवणीसाठी पेंढ्याच्या मुड्या बांधणं. हे उरकलं की नाचणी-वरी, मग कुळीथ, मग उन्हाळ्यात आमसुलं, फणसपोळी, सांडगे. खळ्यावर खांब उभे करून माडाच्या झापांचा मांडव घातला जाई, आणि पाऊस लागायच्या आत तो उतरवला जाई. मधल्या सात महिन्यांत तीच जमीन लग्नाचा मंडप, भजनाची बैठक, शिमग्यात घरोघर येणाऱ्या ग्रामदेवतेच्या पालखीची जागा आणि रात्रीची शेज. गंमत अशी की कोकणचा सगळ्यात मोठा सण, गणपती, खळ्याच्या वाट्याला कधी आलाच नाही. भाद्रपदात खळं चिखलात असतं, त्यामुळे गणपती हा ओटीचा आणि माजघराचा सण, आणि शिमगा खळ्याचा.

आता खरा प्रश्न. कोकणात जांभा दगड पावलोपावली आहे. चिरेखाणीतून चिरा काढायचा, घडायचा आणि बसवायचा, हे काम गावोगाव येत होतं. जोती चिऱ्याची, विहिरी चिऱ्याच्या, गडगे चिऱ्याचे, देवळांपुढची पटांगणं चिऱ्याची. मग दरवर्षी वाहून जाणारी मातीची जमीन पुन्हा पुन्हा करण्याचा खटाटोप कशासाठी? गरिबी हे उत्तर पटकन सुचतं, पण ते पुरत नाही. कारण पाच हात उंच चिरेबंदी जोत्यांवर बांधलेल्या, दहा खणांच्या घरांपुढेही खळं मातीचंच असे. ज्याला जोतं परवडतं त्याला पुढची जमीन परवडली नसती असं कसं म्हणावं? उत्तर दगडात आणि दाण्यात आहे. जांभा सच्छिद्र आणि खरबरीत असतो. त्याच्यावर भात झोडलं तर दाणे भोकांत अडकतात, सांध्यांत जातात, आणि दगडाची तांबडी भुकटी तांदळात येते. वर मळणीच्या बैलांचे खूर कठीण दगडावर दाणा फोडतात ते वेगळंच. चोपलेल्या, सारवलेल्या जमिनीला सांधा नाही, भोक नाही. केरसुणी फिरवली की शेवटचा दाणा सुपात येतो. जमीन थोडी दबणारी, त्यामुळे दाणा अख्खा राहतो. म्हणजे माती ही नाइलाजाने केलेली निवड नव्हती. मळणीच्या कामाला उपलब्ध साहित्यात तीच सर्वांत योग्य होती. शिवाय पावसाळ्यात तिथे मळणी नसे, म्हणून ती जमीन उखणली तरी नुकसान नव्हतं. उलट कडेला काकडी, पडवळ, दोडकी यांचे वेल चढवायला तीच ओली जमीन कामी येई. खळं दरवर्षी मोडत होतं ही त्याची उणीव मानणं म्हणजे शेत दरवर्षी नांगरावं लागतं ही शेताची उणीव मानण्यासारखं आहे.

यावर कोणी म्हणेल की जांभ्यापेक्षा गुळगुळीत काही मिळालं असतं तर लोकांनी तेच घातलं असतं, आणि सिमेंट मिळाल्यावर घातलंच की. म्हणून आता साहित्य केव्हा मिळू लागलं ते पाहू. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, आणि ती मंगळुरी कौलं गलबतांतून किनाऱ्याने वर येत राहिली. विसाव्या शतकात कोकणातली गवती आणि नळ्यांची छपरं या कौलांनी बदलत गेली. म्हणजे जड, नाजूक, दुरून आणावं लागणारं बांधकामाचं सामान कोकणात पोहोचत नव्हतं असं म्हणता येत नाही. हिंदुस्थानात पोर्टलंड सिमेंट व्यापारी प्रमाणावर होऊ लागलं ते १९१४ मध्ये, पोरबंदरला, तेही बंदरच. सिमेंटच्या नक्षीदार लाद्या करणारी भारत टाइल्स कंपनी १९२२ मध्ये निघाली आणि तिचा कारखाना होता उरणला, खुद्द कोकणातच. मुंबईच्या गिरणीत, गोदीत, टपालखात्यात कमावलेला पैसा मनीऑर्डरीने गावी येत होता, आणि त्यातून आधी कौलं आली, मग ओटीवर आणि माजघरात कोबा किंवा लाद्या आल्या. पुष्कळ घरांत हा क्रम आजही वाचता येतो : छप्पर मंगळुरी, ओटी लादीची, खळं मातीचं. ज्या घरधन्याने ओटीवर लाद्या बसवल्या त्याला चार पायऱ्या उतरून आणखी लाद्या बसवता आल्या नसत्या असं नाही. त्याने बसवल्या नाहीत, कारण खाली कामाची जमीन होती आणि वर बसण्याची.

शहाबादी फरशीची कथा याच मुद्द्याला उलट बाजूने बळ देते. निजामाच्या मुलखातल्या शहाबादच्या खाणींना जोडणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८७१ मध्ये रायचूरपर्यंत पोहोचली, आणि तेव्हापासून ही करड्या चुनखडीची फरशी आगगाडीच्या वाटेने सोलापूर, पुणे, मुंबईकडे पसरत गेली. मुंबईच्या चाळींचे जिने, पुण्याच्या वाड्यांची न्हाणीघरं, शाळांचे व्हरांडे यांत ती बसली. दक्षिण कोकणात मात्र रेल्वे नव्हती. कोल्हापूरला ती १८९१ मध्ये आली आणि तिथून पुढे घाटच उतरायचा. त्यामुळे शहाबादी कोकणात उशिरा आणि महाग आली, हे खरं. पण कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली १९९८ मध्ये, आणि तोवर कितीतरी खळी रिकामी पडून गेली होती. फरशी येण्याची वाट पाहत खळं थांबलेलं नव्हतं.

मग खळ्याखालून नेमकं काय निसटलं? सुरुवात हातांपासून करू, कारण त्याच बाबतीत आपण सर्वांत कमी बोलतो. सारवण हे जवळजवळ सर्वत्र बायकांचं काम होतं. चोपण्यात पुरुष असत, पण गिरण्यांच्या काळात घरातला कर्ता पुरुष गणपती आणि शिमगा सोडला तर घरी नव्हताच. खळ्याच्या फोटोंत दिसणारा तो सुबक, हिरवट जमिनीचा चौकोन म्हणजे एखाद्या बाईच्या गुडघ्यांनी, कमरेने आणि हातांनी केलेलं आठवडाभराचं काम आहे, आणि त्याची मजुरी कुठल्याही हिशेबात नाही. मोठ्या घरांपुढचं खळं घरच्या बायकांनाही आवरणारं नव्हतं. तिथे दुसऱ्यांचे हात लागत. खोती पद्धतीत, म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोताच्या अमलात, कुळांकडून धान्याच्या वाट्याखेरीज वेठही घेतली जाई. आठ दिवसांतून एक दिवस खोताकडे राबण्याच्या रिवाजाला 'आठवेठ' म्हणत, आणि खोताच्या शेताला नांगर देणं ही 'नांगरवेठ'. उभ्या पिकाची अभावणी करून, म्हणजे अंदाज बांधून, खोताचा वाटा ठरे. आणि ज्यांच्या हातांनी हे खळं होई त्यांतल्या अनेकांना त्या खळ्यापर्यंतच येण्याची मुभा होती. ओटीची पायरी चढायची नाही, दाणे सुपातून खाली टाकलेले घ्यायचे, पाणी वरून ओतलेलं प्यायचं. खळं हे कोकणच्या जातिव्यवस्थेतलं नेमक्या मापाचं अंतर होतं. रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे हे डॉ. आंबेडकरांच्या घराण्याचं मूळ गाव. कोकणातल्या खोतीविरुद्ध त्यांनी १९३७ च्या सप्टेंबरात मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं, आणि १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्याआधी, १९३३ पासून, अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने खोतांच्या जमिनी न कसण्याचा जो संप केला तो काही वर्षं चालला. ही माणसं अंगणांबद्दल भांडत नव्हती, हे मान्य. पण खोताचं खळं भरतं कशाने, हाच तो प्रश्न होता.

कुळकायदा १९४८ चा, खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, ज्या दिवशी कसणारी कुळं कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. इथे एक गोष्ट घडली जी खळ्याच्या नेहमीच्या शोकगीतात बसत नाही. खोताच्या घरापुढचं मोठं खळं लहान होऊ लागलं, पण कुळाच्या घरापुढचं लहान खळं पहिल्यांदाच पुरतं भरू लागलं. कारण पिकाचा जो वाटा खोताकडे जात होता तो आता आपल्याच दारात झोडायचा होता. खळ्याची भरभराट पेशवाईत किंवा आजोबांच्या आजोबांच्या काळात होती असं आपण धरून चालतो. संख्येने पाहिलं तर ती बहुधा १९६० आणि १९७० च्या दशकांत असावी, वाडीवाडीतल्या साध्या घरांपुढे, आणि नेमक्या त्याच काळात कोकणात सिमेंट अनोळखी राहिलेलं नव्हतं. हा माझ्या मते 'सिमेंटने खळं मारलं' या म्हणण्याला सर्वांत मोठा धक्का आहे.

याला एक चांगला आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. सिमेंट अनोळखी नव्हतं, पण सुटंही नव्हतं. त्याच्यावर नियंत्रण होतं, परवाना लागे. महाराष्ट्राच्या एका मुख्यमंत्र्यांना १९८२ च्या जानेवारीत सिमेंट-वाटपाच्या आरोपांवरून खुर्ची सोडावी लागली (पुढे न्यायालयात ते सुटले, आणि ते कोकणचेच होते हा योगायोग). पुढच्याच महिन्यात सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठलं, आणि १९८९ मध्ये पूर्ण. मग खळी सिमेंटची झाली ती यानंतरच, म्हणजे सिमेंटच कारण नाही का? तारखा जुळतात हे कबूल. पण त्याच दशकात आणि त्याच्या पुढच्या दशकात आणखी काय जुळत होतं तेही पाहायला हवं. १९९०-९१ पासून राज्याने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली, आणि ज्या वरकस उतारांवर नाचणी-वरी होत होती तिथे हापूस आणि काजूची कलमं लागली. आंब्याला खळं लागत नाही, त्याला पेटी आणि ट्रक लागतो. काजूला वाळवायला जागा लागते, पण ती ताडपत्रीवर भागते. भाताची झोडणी यंत्रावर जाऊ लागली, नांगरणी पॉवर टिलरवर गेली, आणि बैल गेला की गोठा गेला, गोठा गेला की शेण गेलं. २०१९ च्या पशुगणनेत देशी गुरांची संख्या देशभरात आधीच्या गणनेपेक्षा सहा टक्क्यांनी घटलेली दिसते. सारवणाला ताजं शेण लागतं, आणि शेजारच्या वाडीतून घमेल्याने शेण मागून आणणारं घर फार वर्षं सारवत नाही. हात तर सगळ्यात आधी गेले होते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरलेली दिसली, सिंधुदुर्गचीही घटली. आणि रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. म्हणजे गावात उरलेल्यांत बहुसंख्य बायका, त्यांतल्या कितीतरी म्हाताऱ्या. त्यांनी दरवर्षी उकिडवं बसून दीड गुंठा जमीन चोपायची, आणि ती कशासाठी, तर ज्यावर झोडायला भात नाही त्या खळ्यासाठी? सिमेंट स्वस्त आणि सुटं झालं नसतं तर ही खळी सारवलेली राहिली नसती. त्यांच्यावर गवत वाढलं असतं. बंद घरांपुढे ते वाढलेलं दिसतंच, आणि तिथे सिमेंटचा कणही नसतो.

दुसरा आक्षेप भाविक मंडळींचा : शेणाची जमीन आरोग्याला उत्तम, जंतुनाशक, थंड, आणि तिचं जाणं हे आपलं अज्ञान. थंड ती खरीच. उन्हात तापलेल्या सिमेंटवर वैशाखात अनवाणी चालून पाहिलेल्यांना हे सांगायला नको. धूळ बसवण्याच्या आणि भेगा बुजवण्याच्या कामातही सारवण निर्विवाद चांगलं. पण जंतुनाशकाचा दावा करून आपण खळ्याचं भलं करत नाही. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात, आणि बाळंतपणं घरच्या सारवलेल्या जमिनीवर होत तेव्हा हा धोका नवजात मुलांच्या जिवाशी होता. धान्य झोडायला उत्तम असलेली जमीन सगळ्याच गोष्टींना उत्तम असावी लागत नाही. आणि ज्या बाईने ती जमीन आयुष्यभर सारवली तिला मुलाने कोबा घालून दिला तेव्हा तिला झालेल्या सुटकेवर, पुण्या-मुंबईत बसून सांस्कृतिक ऱ्हासाचा शिक्का मारणं मला तरी जमत नाही.

तरीही सिमेंटच्या खळ्यावर टीका करायला जागा आहे. फक्त ती वेगळ्या ठिकाणी आहे. चाळीस फूट बाय तीस फुटांचं खळं धरा. तीन मीटर पावसाने एवढ्या जागेवर वर्षाला तीन लाख चौतीस हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं. मातीच्या खळ्याने ते सगळं पिऊन टाकलं असं नाही. घट्ट चोपलेली जमीनही पाणी बाहेर ढकलते. पण चोपलेलं खळं कोरड्या दिवसांसाठी होतं. पावसाळ्यात ते उखणलेलं, गवताळ, वेलींच्या आळ्यांनी भरलेलं असे, आणि पाण्याला मुरायला वाट मिळे. म्हणजे जुन्या खळ्याला वर्षातून दोन रूपं होती, आणि सिमेंटच्या खळ्याला एकच. ते बारा महिने उन्हाळ्यासाठीच तयार असतं. जिथे वर्षभराचा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि मे महिन्यात विहिरी तळाला जातात, तिथे हे रूप चुकीचं आहे. पेव्हर ब्लॉक त्यावरचा उतारा होऊ शकला असता, कारण त्याला सांधे असतात. पण देवळापुढे, ग्रामपंचायतीपुढे, शाळेपुढे आमदार निधीचा हा लाडका दगड पुष्कळदा खाली काँक्रीटचा थर देऊन बसवतात, मग सांधे असूनही पाणी जायला वाट राहत नाही. कोकणातल्या नव्या 'होमस्टे'वाल्यांनी काढलेला मार्ग याच्या उलट टोकाला जातो : पाहुण्यांच्या फोटोसाठी एक कोपरा सारवायचा, त्याच्यावर रांगोळी आणि तांब्याची घागर ठेवायची, आणि तो सारवायला वाडीतल्या एका बाईला रोजाने बोलवायचं. निदान तिला आता पैसे मिळतात, एवढी सुधारणा मी त्यांच्या खात्यावर जमा धरतो.

तेव्हा घरापुढे नवी जमीन करणाऱ्याने आधी एवढंच विचारावं की या जागेत काय होणार आहे. भात झोडणार नसाल आणि दावणीला गुरं नसतील, तर शेणाच्या सारवणाचा हट्ट सोडा. ते दुसऱ्याच्या कमरेवर चालतं. जांभ्याला जे नडत होतं, दाणे अडकणं आणि तांबडी भुकटी, ते आता नडत नाही, कारण दाणाच नाही. म्हणजे चिऱ्याची जमीन, जी मळणीच्या काळात चुकीची होती, ती आज सर्वांत बरोबर आहे. ती घालायला गवंडीही लागतोच असं नाही; घरातली दोन माणसं चार सुट्ट्यांत करतील. सहा-सात इंच खणा, माती काढा, मुरूम टाकून पाणी मारून धुमसाने ठोका. त्याच्यावर दोन बोटं वाळू पसरून फळीने सारखी करा. घरापासून बाहेर, दर पाच फुटांना एक इंच उतार दोरी लावून धरा. पातळ कापलेला चिरा किंवा शहाबादी वाळूवर कोरडीच मांडा, प्रत्येक तुकडा लाकडी हातोडीने बसवा, डुगडुगला तर काढून खाली वाळू घाला. सांधे बोटभर रुंद ठेवा आणि त्यांत वाळूच भरा, सिमेंट नको. पागोळ्या पडतात त्या रेषेवर फरशी न घालता गोट्यांचा चर ठेवा. तुळशीभोवती आणि झाडांभोवती दोन-दोन हात माती उघडी सोडा. पहिला पावसाळा पडू द्या. फरशी जिथे खचेल ती गणपतीत उचलून, खाली मुरूम भरून पुन्हा बसवा. दुसऱ्या वर्षापासून तेवढंही करावं लागणार नाही.